ओळखीचे शब्द, नवे अर्थ : भौतिकशास्त्राची पहिली पायरी

(माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांसाठी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भौतिकशास्त्र हा कठीण विषय आहे, असा समज शाळाशाळांतून रूढ आहे. या समजापायी अनेक हुशार मुले-मुली दहावीनंतर विज्ञानाची वाट सोडून देतात. या भीतीचे मूळ बहुधा गणितात असावे, असे मानले जाते. वस्तुतः पहिली अडचण गणिताची नसून शब्दांची असते. रसायनशास्त्रात किंवा जीवशास्त्रात विद्यार्थ्याला नवे शब्द भेटतात. ते नवे असल्यामुळे तो सावधपणे शिकतो. भौतिकशास्त्रात मात्र बल, वजन, कार्य, शक्ती असे शब्द भेटतात, जे त्याने लहानपणापासून घरात, शेतात आणि बाजारात ऐकलेले असतात. शब्द ओळखीचा म्हणून अर्थही ओळखीचाच असणार, असे तो गृहीत धरतो आणि तेथेच फसतो. व्याख्या तोंडपाठ असते, परीक्षेत ती बिनचूक लिहिलीही जाते. परंतु विचार करताना मनात घरचाच अर्थ वावरत असतो. हे दोन अर्थ एकदा वेगळे करता आले, की पुढील मार्ग पुष्कळ सोपा होतो. त्या दृष्टीने काही मूलभूत कल्पनांचा येथे विचार करावयाचा आहे.

गती टिकविण्यास बल लागते काय?

हातगाडी ढकलली की चालते आणि ढकलणे थांबविले की थांबते. या नित्याच्या अनुभवावरून, वस्तू चालती ठेवावयाची असेल तर तिच्यावर सतत बल लावले पाहिजे, असे कोणालाही वाटेल. प्राचीन ग्रीक विचारवंत ॲरिस्टॉटल याचे मतही याच स्वरूपाचे होते आणि सुमारे दोन हजार वर्षे ते प्रमाण मानले गेले. तेव्हा आजच्या विद्यार्थ्याला तसे वाटले, तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

या मताला निर्णायक धक्का दिला तो इटलीच्या गॅलिलिओने. एका उतरणीवरून सोडलेली गोळी समोरच्या चढणीवर जवळजवळ मूळच्या उंचीइतकी चढते, हा त्याच्या विचाराचा आधार होता. समोरची चढण कमी तीव्र केली, तर तीच उंची गाठण्यासाठी गोळी अधिक लांब जाते. चढण आणखी कमी केली, तर आणखी लांब. मग चढण पूर्णपणे सपाट केली तर? गोळीला ती उंची कधीच गाठता येणार नाही. म्हणजे घर्षण नसेल, तर ती सरळ चालतच राहील. याचा अर्थ असा, की हातगाडी थांबते ती बल संपले म्हणून नव्हे. चाकांतील आणि जमिनीवरील घर्षणाचे उलट दिशेचे बल तिला थांबविते म्हणून.

हा प्रयोग घरच्या कॅरम बोर्डावरही करता येतो. कोरड्या बोर्डावर स्ट्रायकर थोडे अंतर जाऊन थांबतो. पावडर टाकल्यावर तेवढ्याच टिचकीने तो कितीतरी लांब जातो. टिचकी तीच, घर्षण तेवढे कमी झाले. घर्षण शून्यापर्यंत नेल्याची कल्पना करता आली, की न्यूटनचा पहिला नियम समजला. न्यूटनने हा नियम १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात मांडला. बाहेरून बल लागत नाही, तोवर स्थिर वस्तू स्थिर राहते आणि गतिमान वस्तू त्याच वेगाने सरळ रेषेत जात राहते. वस्तूच्या या स्वभावाला जडत्व म्हणतात. १९७७ साली अवकाशात सोडलेले 'व्हॉयेजर-१' हे यान सूर्यमालेतील ग्रहांच्या पलीकडे सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगाने दूर जात आहे. तो वेग टिकविण्यासाठी त्याला इंजिन चालू ठेवावे लागत नाही.

एस.टी.च्या बसला अचानक ब्रेक लागला, की उभा प्रवासी पुढे फेकला जातो. त्याला पुढे ढकलणारे बल कोणते, असा प्रश्न वर्गात विचारला असता नाना उत्तरे येतात. खरे उत्तर असे, की पुढे ढकलणारे बल मुळी नसतेच. बस थांबली, प्रवासी मात्र आपल्या पूर्वीच्या वेगाने पुढे जात राहिला, एवढेच घडले. बल गतीचे कारण नसून गतीतील बदलाचे कारण आहे, हे वाक्य पाठ करण्याऐवजी बसमधील या अनुभवाशी जोडून घ्यावे.

वजन आणि वस्तुमान

बाजारात वाणी 'दोन किलो वजन' म्हणतो आणि व्यवहारात ते बरोबरच आहे. शास्त्रात मात्र किलोग्रॅम हे वस्तुमानाचे एकक आहे. वस्तूत द्रव्य किती आहे आणि तिची गती बदलण्यास ती किती विरोध करते, हे वस्तुमानावरून कळते. वजन म्हणजे पृथ्वीने त्या वस्तूवर लावलेले ओढीचे बल, आणि ते न्यूटन या एककात मोजतात. पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळ १ किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन सुमारे ९.८ न्यूटन भरते.

हा भेद केवळ शब्दांचा नाही, हे चंद्रावर गेल्यावर स्पष्ट होते. २३ ऑगस्ट २०२३ रोजी भारताचे चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडील प्रदेशात उतरले. त्यातील 'प्रज्ञान' या फिरत्या गाडीचे वस्तुमान २६ किलोग्रॅम होते. पृथ्वीवर तिचे वजन सुमारे २५५ न्यूटन. चंद्रावर ते सुमारे ४२ न्यूटन, म्हणजे जवळजवळ एक षष्ठांश झाले. वस्तुमान मात्र दोन्हीकडे तेच राहिले. ती गाडी उचलणे चंद्रावर सोपे. परंतु सपाटीवर तिला तेवढ्याच वेळात तेवढाच वेग द्यावयाचा झाल्यास, घर्षण सोडून दिले तर, पृथ्वीवर लागते तेवढेच बल चंद्रावरही लागेल. स्प्रिंगचा काटा ओढ मोजतो, म्हणून चंद्रावर तो कमी आकडा दाखवील. दोन पारड्यांचा तराजू मात्र तेथेही तोच निकाल देईल, कारण वस्तू आणि मापे या दोहोंवरील ओढ सारख्याच प्रमाणात कमी झालेली असते.

येथेच आणखी एक शंका निघते. जड वस्तूला पृथ्वी अधिक बलाने ओढते, तर जड वस्तू लवकर का पडत नाही? उत्तर दोन कल्पना एकत्र ठेवल्याने मिळते. दुप्पट वस्तुमानावर ओढ दुप्पट असते, हे खरे. पण गतीत बदल करण्यास होणारा विरोधही दुप्पट असतो. दोन्ही परस्परांना नेमके भरून काढतात आणि हवेचा अडथळा नसेल, तर सर्व वस्तू सारख्याच त्वरणाने पडतात. वही आणि सुटा कागद शेजारी शेजारी सोडले तर कागद मागे राहतो. परंतु तोच कागद वहीपेक्षा थोडा लहान कापून वहीच्या वर ठेवला आणि वही आडवी धरून सोडली, तर दोन्ही एकदमच खाली येतात. हवा कापण्याचे काम वहीने केले, एवढाच फरक. १९७१ साली अपोलो-१५ मोहिमेतील डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडून हीच गोष्ट दाखविली. तेथे हवा नसल्यामुळे दोन्ही एकदम जमिनीवर पोहोचली.

बैल आणि गाडी

न्यूटनचा तिसरा नियम बहुतेकांना पाठ असतो : प्रत्येक क्रियाबलाला समान परिमाणाचे आणि विरुद्ध दिशेचे प्रतिक्रियाबल असते. मग एक कोडे उभे राहते. बैल गाडीला जितक्या बलाने पुढे ओढतो, तितक्याच बलाने गाडी बैलाला मागे ओढते. दोन्ही बले समान आणि विरुद्ध असतील, तर गाडी हलते कशी?

कोड्याचे मूळ एका दुर्लक्षात आहे. ही दोन बले एकाच वस्तूवर लागत नाहीत. एक गाडीवर लागते, दुसरे बैलावर. म्हणून त्यांची वजाबाकी करून शून्य काढणे चुकीचे ठरते. गाडी हलेल की नाही, हे ठरविताना फक्त गाडीवरील बलांचा हिशेब करावयाचा : बैलाची ओढ पुढे, चाकांना आणि आसाला होणारा विरोध मागे. ओढ विरोधाहून अधिक झाली, की गाडी हलली. बैलाचा हिशेब स्वतंत्र मांडावयाचा : तो खुरांनी जमिनीला मागे रेटतो, जमीन त्याला तितक्याच बलाने पुढे रेटते, आणि गाडी त्याला मागे ओढते. जमिनीचे रेटणे जास्त भरले, तर बैल पुढे सरकतो. पावसाळ्यात निसरड्या वाटेवर बलदंड बैलही जागच्या जागी घसरतो. त्याचे बळ कमी झालेले नसते. त्याला पुढे रेटणारी जमिनीची पकड कमी झालेली असते.

घाम गाळूनही कार्य शून्य

सर्वांत अधिक गोंधळ होतो तो 'कार्य' या शब्दाने. डोक्यावर पन्नास किलोचे पोते घेऊन हमाल फलाटावर दहा मिनिटे स्तब्ध उभा राहिला, तर त्याने पोत्यावर केलेले कार्य शून्य, असे शास्त्र सांगते. हे ऐकून विद्यार्थ्याला शास्त्र अन्यायी वाटते, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु शास्त्राने येथे श्रमाचे मोल ठरविलेलेच नाही. बल आणि त्या बलाच्या दिशेने झालेले विस्थापन यांच्या गुणाकाराला त्याने कार्य हे नाव दिले आहे. पोते जमिनीवरून दीड मीटर उचलताना हमालाने सुमारे ७३५ ज्यूल कार्य केले. पोते स्थिर राहिले तेव्हा विस्थापन नाही, म्हणून कार्यही नाही. मग हमाल थकतो का? कारण स्नायू ताणलेले ठेवण्यासाठी त्यांतील सूक्ष्म तंतूंना सतत आकुंचन पावावे लागते. त्यासाठी अन्नातून मिळालेली ऊर्जा खर्च होते आणि अखेर तिची उष्णता होते. तेच पोते लाकडी फळीवर ठेवले, तर फळी वर्षभर थकत नाही. थकवा शरीराच्या रचनेचा आहे. पोत्याला त्यातून काही मिळालेले नसते.

कार्याच्या या व्याख्येचा उपयोग घाटात दिसतो. सन १८६३ मध्ये खुल्या झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाचा तीव्रतम चढ ३७ मीटर अंतरात १ मीटर एवढा आहे. अशा चढावर, घर्षण बाजूस ठेवले तर, गाडीच्या वजनाच्या केवळ एक सदतिसांश एवढी ओढ पुरते. मात्र उभ्या चढाच्या तुलनेत ३७ पट अंतर चालावे लागते. बल कमी झाले, अंतर तितकेच वाढले, कार्य तेच राहिले. घाट बल वाचवितो, ऊर्जा वाचवीत नाही. आणि तो एक सदतिसांशही थोडा नव्हे : हजार टन भाराच्या गाडीसाठी तो सुमारे २७ टनांच्या वजनाइतका होतो. म्हणूनच लोणावळ्याकडे चढणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत येथे मागून जादा इंजिने जोडतात.

उंचीवर नेलेल्या वस्तूत साठलेले कार्य परतही मिळते. त्यालाच स्थितिज ऊर्जा म्हणतात. कोयना प्रकल्पाच्या पोफळी येथील वीजगृहात सह्याद्रीवरचे पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली येते. एक घनमीटर पाणी, म्हणजे हजार किलोग्रॅम, एवढे खाली आल्यास सुमारे ४६ लाख ५५ हजार ज्यूल ऊर्जा मोकळी होते. विजेच्या बिलातील एक 'युनिट' म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा हजार लिटर पाण्यातून, काहीही वाया न गेल्यास, सुमारे सव्वा युनिट वीज मिळेल. घरातील दहा वॉटचा दिवा तेवढ्यावर सव्वाशे तास चालेल. एका दिव्यामागे किती पाणी डोंगरावरून उतरते, हे या हिशेबाने कळते, आणि वीज जपून वापरण्याचा उपदेश मग वेगळा करावा लागत नाही.

'शक्ती' हा शब्द बोलण्यात बल, ऊर्जा, सामर्थ्य या सर्वांसाठी येतो. शास्त्रात तिचा अर्थ एकच : ऊर्जा किती जलद दिली जाते त्याचा दर. विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटार सेकंदाला सुमारे ३,७३० ज्यूल कार्य करू शकते. विहिरीतून पाणी वीस मीटर वर चढवावयाचे असेल, तर प्रत्येक लिटरला सुमारे १९६ ज्यूल लागतात. म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १९ लिटर. प्रत्यक्षात पंप आणि पाइप यांतील घर्षणामुळे पाणी याहून बरेच कमी मिळते. किती कमी मिळते, ते बादली आणि घड्याळ घेऊन कोणत्याही शेतकऱ्याच्या मुलाला मोजता येईल. असे मोजमाप करणारा विद्यार्थी आपल्या घरचा खर्चही वाचवील.

वेग दुप्पट, धोका चौपट

या सर्व कल्पना ज्या ठिकाणी जिवाशी येऊन भिडतात, ते ठिकाण म्हणजे रस्ता. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. मोटारसायकल ताशी ४० किलोमीटर वेगाने जात असता समोर अडथळा दिसला आणि ब्रेक लावेपर्यंत एक सेकंद गेला, असे समजू. त्या सेकंदात ती ११ मीटर पुढे जाते. त्यानंतर ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद या दराने कमी होत गेला, तर थांबण्यास आणखी सुमारे १० मीटर लागतात. एकूण २१ मीटर. वेग ताशी ८० असता पहिल्या सेकंदातच २२ मीटर जातात आणि ब्रेक लावल्यावर आणखी ४१. एकूण ६३ मीटर. वेग दुप्पट झाला, थांबण्याचे अंतर मात्र तिप्पट झाले. रस्ता ओला असेल, तर ते आणखी वाढते.

याच वेगाची दुसरी कल्पना अशी करता येईल. ताशी ४० किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे सव्वासहा मीटर उंचीवरून, दोन मजल्यांवरून, जमिनीवर पडणे होय. ताशी ८० किलोमीटरला ही उंची पंचवीस मीटर, म्हणजे सुमारे आठ मजले होते. दोन मजल्यांच्या गच्चीच्या कठड्यावर कोणी मुलाला उभे करणार नाही. रस्त्यावर मात्र ते रोज घडते.

मांडीवरचे मूल आपण घट्ट धरू, असा विश्वास प्रत्येक आईबापाला असतो. तो मायेपोटी असतो. परंतु हिशेब वेगळे सांगतो. १० किलोग्रॅमचे मूल ताशी ४० किलोमीटर वेगाने जात आहे आणि वाहन आदळून दशांश सेकंदात थांबले, तर मुलाला थांबविण्यास सुमारे १,१०० न्यूटन बल लागते. ते एक क्विंटलहून अधिक भार तोलून धरण्याइतके आहे. कोणाचेही हात तेवढे बल देऊ शकत नाहीत. म्हणून मोटारीत पट्टा आणि लहान मुलांसाठी वेगळे आसन. दुचाकीवर शिरस्त्राण लागते ते थांबण्याचा काळ वाढविण्यासाठी : त्यातील मऊ थर दबत जातो, डोके थोडे अधिक वेळ घेऊन थांबते, आणि तेवढ्याने बल कमी होते. क्रिकेटमध्ये झेल घेताना खेळाडू हात मागे नेतो, त्यामागेही हेच तत्त्व आहे.

अभ्यासाची रीत

कोणतेही उदाहरण सोडविताना सूत्र शोधण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. विचार कोणत्या वस्तूचा चालला आहे? त्या वस्तूवर कोणकोणती बले लागत आहेत आणि त्यांतील प्रत्येक बल कोण लावीत आहे? आणि त्या वस्तूचा वेग बदलत आहे काय? दुसऱ्या प्रश्नातील 'कोण' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. ज्या बलाचा लावणारा सापडत नाही, ते बल बहुधा मनाचे असते.

परीक्षेसाठी म्हणून एक उदाहरण घेऊ. वर फेकलेला चेंडू सर्वोच्च बिंदूवर क्षणभर थांबतो. त्या क्षणी त्याच्यावर कोणते बल असते? 'हाताने दिलेले बल' असे उत्तर मनात आले, तर विचारावे, की हात आता चेंडूला लागून आहे काय? नाही, मग ते बल लावणारा कोणी नाही. 'कोणतेच बल नाही' असे वाटले, तर विचारावे, की पृथ्वीने आपली ओढ त्या क्षणापुरती आवरली काय? तीही नाही. हवेचा अडथळा सोडला, तर पृथ्वीची ओढ हे एकच बल सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढेच असते. म्हणून त्या क्षणी वेग शून्य असला, तरी वेग बदलणे थांबलेले नसते आणि पुढच्याच क्षणी चेंडू खाली येऊ लागतो.

या उत्तरासाठी प्रयोगशाळा लागली नाही, महागडे उपकरण लागले नाही की पाठांतर लागले नाही. कॅरम बोर्ड, तराजू, बैलगाडी, विहिरीवरची मोटार आणि एस.टी.ची बस ही खेड्यातील विद्यार्थ्यालाही सहज उपलब्ध असलेली साधने आहेत. त्यांच्याकडे पाहून प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याने भौतिकशास्त्राची पहिली पायरी ओलांडली, असे खुशाल समजावे.